सातपाटीचा कॅमेरा

आमच्या संदेशला घासाघीस करायला मीच शिकवलं. आणि करायला नेलं कुठे, तर सातपाटी बंदरावरच्या मासळी बाजारात. म्हणजे चूक माझीच.

तिथे मासे विकणाऱ्या एका मावशींकडे नवऱ्याचा जुना, रीळ घालायचा रेंजफाइंडर कॅमेरा पडून होता. या कॅमेऱ्यातून आधी प्रत्येक वस्तू दोनदा दिसते. लेन्सचं कडं फिरवून दोन्ही एकावर एक आणली की फोकस बसतो. संदेशला हे पाठ होतं, कारण कित्येक महिने तो हाच कॅमेरा शोधत होता. मावशींनी भाव सांगितला तोही अगदीच कमी. पण मी पढवून ठेवलं होतं, आधी खोड काढायची.

त्याने बंदरातल्या होडीवर कॅमेरा रोखला आणि तोंड वाकडं केलं. "मावशी, एका होडीच्या दोन दिसतात. खराब आहे हा."

मावशींनी कॅमेरा काढून घेतला आणि टोपलीमागे ठेवला. "मग नाय इकायचा. खराब माल मी कोणाला देत नाय. बाजारात नाव हाय माझं."

संदेश रडकुंडीला आला. त्याने कॅमेरा पुन्हा उचलून मावशींच्या डोळ्यापुढे धरला. "अहो, खराब नाही, तो असाच असतो. हे कडं फिरवा, झाली ना एकच होडी? काच बघा किती स्वच्छ आहे. असा कॅमेरा शोधून मिळत नाही, मावशी."

"खरं बोलतोस?"

"देवाशप्पथ."

"मग आता भाव परत सांगते," मावशी म्हणाल्या. "मगाशी मला कुठं ठाव होतं, एवढा चांगला हाय ते."