चंदूला सांगितलेला निकाल

परवा बसमध्ये स्कोअर विचारलात आणि मी खेकसलो, त्याचं कारण ऐका.

आमच्या कंपनीच्या बसचा फुटबॉल वर्ल्डकपपुरता एक नियम होता. दासगावला चंदू चढला की मॅचबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हा आमच्या प्लांटचा ऑपरेटर शिफ्ट करून घरी जायचा आणि मगच मोबाइलवर अख्खी मॅच बघायचा. निकाल आधी कळला तर सांगणाऱ्याशी दोन दिवस अबोला!

गेल्या वर्ल्डकपला फायनलच्या आधीच तो दवाखान्यात पडला. सगळ्यात जास्त गोल कोणाचे, हे फायनललाच ठरणार होतं. एक म्हातारा खेळाडू आणि एक तरणा पोरगा, दोघं बरोबरीत होते. चंदू म्हाताऱ्याच्या बाजूचा.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. म्हणाला, "सांग रे, म्हातारा पुढं गेला का?"

मला वाटलं, परीक्षा घेतोय. "नाय सांगणार. घरी चल, मग बघ."

"आज नियम नाय. सांग."

"नियम म्हणजे नियम."

हसला. "बरा हायस," म्हणाला.

मी खुशीत बाहेर आलो, तर दारात त्याची बायको रडत होती. "भावजी, आता काय होणार नाय, असं डॉक्टर सकाळीच बोलले. ह्यांच्यासमोरच."

मी धावत आत गेलो. तोवर इंजेक्शन देऊन त्याला झोपवलं होतं. त्या झोपेतून तो उठला नाही.

मी कानाशी वाकून सांगितलं होतं, "चंद्या, म्हातारा पुढं गेला."

तेही खोटंच. जास्त गोल त्या पोराचे होते.