भार्गवरावांचे अठरा पाहुणे

मंडळी, आधी एक सांगा — घरात संत येऊन राहिले, तर घरधनी सुधारतो का? माना डोलवू नका, ऐका!

सांगलीचे भार्गवराव खाडिलकर. यांच्या घरी एक नाही, अठरा संत! चीन देशातले, जुन्यापुराण्या शंखजिऱ्यात कोरलेले बौद्ध अर्हत. दगड एवढा मऊ की नखानं ओरखडा उठावा! अंगावर सोनेरी मुलामा. राहायला स्वतंत्र खोली, काचेची कपाटं, पंखा! चपला काढून आत जायचं, बोलायचं हळू!

दिवाळीला थोरली बहीण आली — कुरुंदवाडची द्वारकाअक्का. आई गेल्यावर भावाला हिनंच वाढवलेलं. पण यंदा हातात ट्रंक! पुरात घर पडलं होतं, नवरा आधीच गेलेला. आता भावाशिवाय कोण? वाटेत तिच्या मनात एकच — राहा म्हणेल ना?

"अक्का, खोली रिकामी नाही गं. भाऊबीजेपर्यंत जिन्याखाली चालेल ना?"

"चालेल रे बाबा!" दुसरं काय म्हणणार?

नरकचतुर्दशीची पहाट. अक्काला खोली उघडी दिसली. आत साधू — कुणी हात लावायचा नाही, म्हणून धुळीनं माखलेले! तिचा जीव कळवळला. सणाच्या दिवशी पारोसे? बसवले पाटावर सगळे! तेल लावलं, उटणं लावलं, खसाखसा चोळलं, वर ऊन पाणी! मुलामा उटण्याबरोबर मोरीत!

भार्गवराव धावत आले. "अक्काऽऽ! काय केलंस हे! अगं, सर्वस्वाचा त्याग केलेले महात्मे हे! त्यांचं सोनं घालवलंस!"

हसताय? हसा! सर्वस्व सोडलेल्यांचं सोनं गेलं म्हणून हा गृहस्थ मोरीशी बसून रडतोय!

अक्का ओल्या हातांनी उभी. "सर्वस्व सोडलं म्हणजे? घरसुद्धा?"

"घरसुद्धा!"

"त्यांनी आपणहून सोडलं, तर तू त्यांना खोली दिलीस. माझं पुरानं नेलं रे, भार्गवा. मला जिना?"

विरघळला असेल ना भाऊ? छे! मऊ होता तो दगड, मंडळी, माणूस नव्हे. म्हणाला, "भाऊबीज झाली की दुपारच्या गाडीनं नीघ."

अक्कानं भाऊबीजेला त्याला ओवाळलं. औक्षवंत हो म्हणाली — मनापासून म्हणाली! — आणि ट्रंक उचलून निघाली. कुठं गेली? मला विचारू नका. भावानंही विचारलं नाही.

आता का गप्प झालात? टाळ राहू द्या खाली. घरी जा, देवघर किती हात लांबरुंद आहे ते बघा. आणि मग आईची खाट कुठं घातली आहे, तेही बघा. नामाचा गजर तिच्या उशाशी बसून करा; ते होत नाही तोवर माझं कीर्तन अर्धंच आहे.