सिस्टरांच्या फोटोला घातलेला हार

तुम्ही हसाल, पण मी एकदा भिंतीवरच्या फोटोला नवस बोलले होते. आमच्या श्रुतीला त्या नन सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत आठवीला प्रवेश मिळेना. ऑफिसबाहेर बसले होते, समोर शाळा सुरू झाल्यापासूनच्या मुख्याध्यापिकांचे फोटो. सगळ्या गेलेल्याच असणार, असं मी धरूनच चालले. शेवटच्या फोटोतला चेहरा फार मायाळू. मनात म्हटलं, सिस्टर, एवढं काम करा, चंदनाचा हार घालीन.

प्रवेश मिळाला. सोमवारी हार घेऊन गेले, स्टुलावर चढून घातला, हात जोडले. मागून आवाज आला, "काय वं बाई, मले जित्तीच मारून राहिली का?"

वळून बघते तर फोटोतलाच चेहरा, व्हीलचेअरवर!

"सिस्टर, चुकलं माझं. आत्ता काढते."

"राहू दे. तीन दिवसांपासून सपनात कोणीतरी माह्या गळ्यात हार घालून राहिलं. तोंड दिसत नव्हतं." माझ्याकडे एकटक बघत त्या हसल्या. "आज दिसलं."

दुसऱ्याच दिवशी त्यांना रामदासपेठेत दवाखान्यात भरती केलं. अजून आयसीयूतच आहेत. मी त्यांच्यासाठी सोळा सोमवार धरलेत. त्या बऱ्या होऊन येतील, माझं मन सांगतं. पण माझ्या एकटीचं पुरेल की नाही, कोण जाणे. तुम्हीही बोला ना त्यांच्यासाठी एक नवस, ज्याला मानता त्याला.