पाठ फिरवून दहा शब्द

— तो कागद आधी तोंडासमोरून खाली घ्या, साहेब, आणि मग बोला. हां, आता कसं! धबधबा दोन हातांवर कोसळतोय आणि तुम्ही कागदाआड पुटपुटताय, इथे कोणाला कळणार? इथे सगळं गाव तोंडाकडे बघून बोलतं — भाजीवाली बोटांनी भाव सांगते, मास्तर हातवारे करून पाढे शिकवतात, नवीन माणसाला वाटतं गल्लीगल्लीत भांडणं चाललीयेत. तेव्हा माझं काही वेगळं नाही. कोण म्हणालं मला ऐकू येत नाही? थांबा, सांगू नका. तिकीटखिडकीतला चष्म्या. दुसरं कोण असणार!

माझं काम काय, तर भोंगा वाजला की ही शिट्टी फुंकायची आणि खाली खडकांवर गेलेल्या माणसांना वर आणायचं, बरोबर? आणि तक्रार काय, तर गेल्या गुरुवारी नवा भोंगा वाजवून बघितला, सगळे धावत पायऱ्या चढून वर आले, अन् मी आपली कठड्याला टेकून डबा खात उभी. बरं मग? खात होते. भूक लागली होती. भोंगा नुसता चाचणीचा होता, पाणी काही वाढलं नव्हतं — ते मला बघूनच कळत होतं. म्हणजे पळाले ते शहाणे आणि उभी राहिले ती मी खुळी, असं का? आणि भोंगा वाजवणार आहेत हे मला आधी सांगितलं होतं कोणी? सांगितलं असेलही. पाठीमागून सांगितलं असेल.

— नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला. बरं, लिहा. लिहा काय लिहायचं ते! अकरा वर्षं झाली. आधी डावा गेला, मग उजवा. पण ह्या कामाला कान लागत नाहीत, साहेब, डोळे लागतात. वरच्या धरणातून पाणी सुटतं तेव्हा भोंग्याच्या आधी काय होतं, माहितीये? नाही ना! धबधब्याची डावी कड चहाच्या रंगाची होते. मग पालापाचोळा येतो. मग हा कठडा थरथरतो — हात ठेवा, ठेवा हो, चावत नाही — आत्ता कसा बारीक थरथरतोय? ती थरथर अशी दातांपर्यंत यायला लागली की मी फुंकते. दोन वर्षांपूर्वी वीज गेलेली, भोंगा बंद, आणि कान शाबूत असलेले सगळे कान टवकारून बसलेले, वाजेल म्हणून! चष्म्यासुद्धा. खडकांवर एकोणीस माणसं फोटो काढत होती. एकोणीसच्या एकोणीस मी वर आणली, एकाला तर शर्टाला धरून. पाव तासाने तिथे खडक दिसत नव्हते. तेव्हा कोणी आलं नाही माझे कान तपासायला.

घरी? घरी कोण असणार. एक मुलगी, ती लग्न होऊन लांब गेली. फोन करते — म्हणजे शेजारीण सांगते, दुपारी तुझा फोन वाजत होता म्हणून. मी उचलून काय करू? आधी उचलायचे. पलीकडे काय बोलतेय देव जाणे, आपलं 'हो, हो, छान' म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. तर एकदा ती रडत सांगत होती — मूल पोटातच गेलं होतं तिचं — आणि मी म्हणाले, छान. छान, छान, काळजी घे. नंतर शेजारणीकडून कळलं. तेव्हापासून उचलत नाही. तिला वाटतं, आईला काळीज नाही. लिहायला चार वेळा बसले, पण लिहिलं की ते जावई वाचणार, तो त्याच्या इथल्या भावाला सांगणार, गावभर होणार, आणि मग ही शिट्टी गेली असती. म्हणून म्हटलं, वाटू दे तिला काय वाटायचं ते.

असं काय बघताय? हे लिहायचं नाही. परीक्षा घ्यायला आलात ना — मी पाठ फिरवायची, तुम्ही दहा शब्द बोलायचे, मी ते परत म्हणायचे? घ्या की मग. ही फिरवली पाठ. दहा बोला, शंभर बोला. मला आता पाणी दिसतंय आणि तुम्ही दिसत नाही, आणि मला इथे उभं केलंय ते ह्याच कामासाठी. नापास लिहा. ठळक लिहा, सही करा, शिक्का मारा — आणि त्याची एक नक्कल मला द्या. मुलीला पाठवायचीये. माझ्या हातून लिहून झालं नाही ते तुमच्या हातून तरी होऊ दे.

शिट्टी मात्र मिळणार नाही. न्यायचीच असेल तर अख्खं कार्यालय घेऊन या, बघू कोण गळ्यातून काढतंय ते. आता जा. मी काही वळणार नाही. आणि वरून तिसरी पायरी निसरडी आहे — पडलात तर ओरडू नका, मला दिसेल असे पडा.