डोंगर जरा जवळ आहे

चहा येईस्तोवर ऐका. दर रविवारी मी द्राक्षांचा मोठा निर्यातदार असतो आणि सोमवारी पुन्हा सातपूरच्या कारखान्यात हजर. त्याचं काय आहे, बायकोला मोबाइलवर लाकडी केबिन आणि काचेच्या भिंतींची घरं बघायचा नाद आहे, आणि नमुना घर बघायला कोणी तिकीट लावत नाही.

आमचं ठरलेलं असतं. स्कूटर आडोशाला लावायची, ऐट मी मारायची आणि निघताना एक खोट हिने काढायची. "ओटा लहान आहे," नाहीतर "देवघराला जागाच नाही." म्हणजे आम्ही कमी पडलो नाही, घरच कमी पडलं.

परवा त्र्यंबक रोडला एक केबिन बघितलं. अख्खी भिंत काचेची आणि समोर डोंगर. ही चपला काढून आत गेली, ती काचेपाशी बसूनच राहिली.

सेल्समनने विचारलं, "मॅडम, काही कमी वाटतंय?"

 मी खाकरून खूण केली. ही हळूच म्हणाली, "काहीच कमी नाही हो."

"मग बुकिंग करू या?"

आता खोट मलाच काढावी लागणार. म्हटलं, "डोंगर जरा जवळ आहे. आम्हाला लांबचा लागतो."

"सर, डोंगर कसा सरकवणार?"

"मग राहू द्या!"

सातपूर आलं. मागच्या सीटवरून पाठीत धपाटा बसला.

"ओट्याला नावं ठेवायची, पडद्यांना ठेवायची. माझ्या डोंगराला कशाला ठेवलीत?"