गप्प बसणाऱ्यांची सात गाणी

...नाही, तुम्हीच सांगा, सात गाणी? सात! आणि तीही कुणाच्या तोंडी? माझ्या कादंबरीतल्या माणसांच्या! कादंबरी तुम्ही वाचली नसेल, माहितीये मला, कुणीच वाचलेली नाही, तो विषय आत्ता नको... थोडक्यात सांगतो. आमचे पूर्वज. त्यांचा धर्म काय, तर देवापुढे तोंड उघडायचं नाही. स्तोत्र नाही, घोष नाही, नुसतं गप्प बसायचं, देवाला ऐकू येतं. तर तिथल्या राजाला आली लहर! म्हणाला, उद्यापासून सगळ्यांनी रोज सकाळी चौकात यायचं आणि देवाचं गाणं म्हणायचं, मोठ्याने, नाहीतर तुरुंग. झालं! ही माणसं उठली, घरंदारं टाकली, पोरंबाळं काखोटीला मारली आणि गलबतात जाऊन बसली. मग मला सांगा, लोक देश सोडून गेले कशासाठी? गाणं म्हणावं लागू नये म्हणून! आणि त्या कादंबरीवर काढलेल्या पिक्चरमध्ये गलबत बंदरातून सुटायच्या आत पहिलं गाणं सुरू!

ही सगळी हकिगत मला सांगितली आत्याने. हे पाळणारी आमच्या घराण्यातली ती शेवटची. संध्याकाळी खुर्चीत बसली की गप्प. दूध उतू जाऊ दे, दार वाजू दे... एकदा खिडकीच्या पडद्याने पेट घेतला, तर बाईने नुसतं बोट दाखवलं! आणि मी हा असा. घराण्यातला पहिला बडबड्या. तर आत्याने माझा हात हातात घेतला, म्हणाली, "लिही बाबा. पण आपल्या माणसांना देवापुढे तोंड उघडायला लावू नकोस." मी म्हटलं, "आत्या, मान कापली तरी नाही!" मान कुणी कापली नाही हो. त्या दिग्दर्शकाने एक कप चहा पाजला आणि मी करारावर सही करून मोकळा!

दिग्दर्शक म्हणजे काळा चष्मा. घरातसुद्धा काळा चष्मा, जिना उतरताना दोनदा धडपडला, पण काढला नाही. म्हणतो, "सर, कादंबरी वाचून रडलो मी. ढसाढसा. पण सर... शांतता पडद्यावर दिसत नाही हो. पब्लिकला वाटतं, स्पीकर बिघडलाय." मी म्हटलं, "अहो, ते गप्प होते म्हणून तर..." "करेक्ट सर! म्हणून तर गाण्याला वजन येतं!" आता ह्या माणसाच्या डोक्यात काय घालावं? माझी नायिका सत्तरीची, तोंडात एक दात नाही. ह्यांनी विशीतली मुलगी उभी केली! मी विचारलं, "म्हातारी कुठे गेली?" तर म्हणे, "सर, ती मनाने म्हातारी आहे."

सेटवर गेलो एकदा, तिथून परत आलो तो ताप घेऊनच. गलबत कसलं, फळ्यांचा सांगाडा, खाली ट्रकची टायरं, आणि चार माणसं घाम गाळत ते हलवतायत. एक जण बादलीने लाटा मारतोय. वर डेकवर माझे पूर्वज पाय आपटत नाचतायत, आणि खालून नाच बसवणारा ओरडतोय, "ए निर्वासित! डावीकडचे निर्वासित! हसा की जरा! देश सोडलाय ना, मग कंबर पण सोडा!" अरे, कुणीतरी विचारा रे ह्याला, लोक देश सोडून गेले कशासाठी!

आणि वर आत्या म्हणाली, "मी येणार पिक्चरला." मला घाम फुटला. म्हटलं, "अगं, थेटरात एसी असतो, तुझे गुडघे..." "मी येणार." लागोपाठ दोन वाक्यं! तिच्या मानाने ते भाषणच.

गेलो. पहिलं गाणं लागलं, मी हळूच बघितलं, आत्याचा चेहरा दगड. दुसरं, तिसरं... दगड! मी खुर्चीत घसरत घसरत पार खाली गेलो. एक वचन दिलं होतं हो आयुष्यात, तेही म्हाताऱ्या बाईला, आणि ते सात वेळा मोडलेलं तिलाच तिकीट काढून दाखवतोय! ठरवलं, बाहेर पडलं की सरळ तिचे पाय धरायचे.

मग आलं वादळ. कादंबरीतलं माझं लाडकं प्रकरण. खलाशी बोंबलतायत आणि आमची माणसं एकमेकांचे हात धरून गप्प. बस्स, एवढंच. आणि पिक्चरमध्ये? सातवं गाणं! ती विशीतली म्हातारी शिडाच्या खांबाला लटकून ताना घेतेय, खाली सगळे हात धरून डोलतायत, आणि... फट्! आवाज गेला. खरंच स्पीकर बिघडला हो! चित्र चालू, आवाज बंद. लाटा, पाऊस, धरलेले हात... आणि आवाज नाही. तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला. माझी कादंबरी! हीच, अशीच लिहिली होती मी! डोळ्यांना धार लागली माझ्या. आणि पब्लिक शिट्ट्या मारतंय, "आवाज! ए, आवाज!" वाटलं, उठावं आणि ओरडावं, गप्प बसा रे, एवढाच पिक्चर आहे ह्यात! म्हटलं, निदान आत्याला तरी कळलं असेल. वळलो. तर आत्या उभी! ऐंशीची बाई, दोन्ही हात तोंडाशी धरून, "आवाज सोडा रे मेल्यांनो! गाणं अर्धं राहिलं!"

मी म्हटलं, "आत्या! अगं, लोक देश सोडून गेले कशासाठी?"

म्हणते, "मला विचारतोस? मीच सांगितलं ना तुला? राजा बळजबरी करत होता, म्हणून गेले. माझ्यावर कुणी केलीय? जन्मभर शांतताच ऐकली रे मी. आता जरा हे ऐकू दे. तू गप्प बस."

तेव्हापासून आत्या संध्याकाळी खुर्चीत बसते आणि डोळे मिटून सातवं गाणं म्हणते. सगळ्या कडव्यांसकट. मध्ये कुणी बोललेलं तिला खपत नाही. मी समोर स्टुलावर. परवा दूध उतू गेलं, मी नुसतं बोट दाखवलं. काय करणार? घराण्याचा धर्म आहे हो... कुणीतरी पाळायला नको?