प्रवेश नाकारला

(अरिल्ये गावातला मोज्यांचा कारखाना. विणायची यंत्रं गप्प पडलेली. ऑफिसात मालकीण स्तामेन्का आणि तिचा धाकटा भाऊ ल्युबिंको. टेबलावरच्या फोनमधून बोलतोय तिचा मुलगा वुकाशिन, तिकडे परदेशात, ल्युब्ल्याना शहरातून.)

स्तामेन्का: …आणि एक लक्षात ठेव, फोन मी केलेला नाही. तुझ्या मामाने केलाय. मी फोनला बोटसुद्धा लावलेलं नाही.

वुकाशिन: बरं. मग मामाशीच बोलतो. मामा, काय झालं?

ल्युबिंको: यंत्रांना नक्षी मिळत नाहीये रे. सकाळपासून बायका चकाट्या पिटत बसल्यात, कॉफीवर कॉफी चाललीय. दुपारी लिन्झच्या गिऱ्हाइकाचा ट्रक येतोय. मागच्या दोन्ही खेपांना आपण उशीर केला. या वेळी माल दिला नाही तर पुढची मागणी तुर्कांना देणार म्हणालेत.

स्तामेन्का: त्याला कशाला सांगतोस? तो काचेच्या इमारतीत बसून परक्यांचे संगणक गोंजारतो. आपल्या मोज्यांचं काय पडलंय त्याला!

वुकाशिन: गोंजारायचा पगार मिळतो, आई. मामा, स्क्रीनवर काय दिसतंय?

ल्युबिंको: ते तू मोठ्या संगणकाच्या पोटात दोन खोटे संगणक बसवलेस ना, जुन्या विंडोजचे…

वुकाशिन: आभासी मशीन म्हणतात त्यांना.

ल्युबिंको: म्हणोत बापडे. नक्षीचा म्हातारा प्रोग्राम फक्त त्यांच्यातच चालतो. आणि नक्ष्या आहेत ऑफिसातल्या संगणकावर, त्या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये. तर फोल्डर दिसतो. नावासकट दिसतो. उघडायला गेलं की म्हणतो, ‘प्रवेश नाकारला.’

वुकाशिन: दिसतो म्हणजे नेटवर्क ठीक आहे. भांडण परवानगीचं आहे. तुम्ही काही केलंत का?

ल्युबिंको: चाचाकहून एक तज्ज्ञ आणला होता.

स्तामेन्का: तज्ज्ञ कसला, उंटावरचा शहाणा! सगळं बंद केलं, सगळं चालू केलं, माझ्या सायीचा अर्धा वाडगा कायमाक पावाला लावून खाल्ला, म्हणाला नवीन संगणक घ्या, आणि गेला.

वुकाशिन: फोल्डरच्या वाटणीत, म्हणजे शेअरिंगमध्ये, त्याने काय ठेवलंय? ‘सगळे’ असं दिसतंय का?

ल्युबिंको: हो. ‘सगळे’, पूर्ण अधिकार.

वुकाशिन: ते झालं बाहेरचं कुलूप. आतलं वेगळं असतं. त्याच खिडकीत ‘सुरक्षा’ बघ. दोन्हींपैकी जे कडक, ते खरं.

ल्युबिंको: म्हणजे सासूने हो म्हटलं तरी सुनेने नाही म्हटलं की पाहुणा उंबऱ्यावरच.

स्तामेन्का: तुझ्या घरातलं इथे सांगू नकोस.

ल्युबिंको: आत पण ‘सगळे’ घालून गेलाय तो. तरी नाकारतोय. ‘सगळे’ म्हणजे सगळे ना रे? का यातही कुणाचा चुलतभाऊ लागावा लागतो?

वुकाशिन: ‘सगळे’ म्हणजे ज्यांना नाव आहे ते सगळे. हा संगणक बिननावाच्याला आत घेत नाही. म्हणजे आपली मशीन दारात उभं राहून जे नाव सांगतायत, ते त्याला पटत नाहीये. मामा, आभासी मशीनमध्ये जा. कंट्रोल पॅनेल उघड, मग साठवलेली नावं. काय लिहिलंय?

ल्युबिंको: थांब, चष्मा… वुकाशिन.

वुकाशिन: हं, ऐकतोय.

ल्युबिंको: तुला हाक नाही मारली. लिहिलंय तसं. ‘वुकाशिन’. दोन्ही मशीनमध्ये.

वुकाशिन: हां. बसवताना घाईत माझंच नाव दिलं होतं. आता ऑफिसातला संगणक. वापरकर्ते उघड. मी आहे ना तिथे?

ल्युबिंको: स्तामेन्का आहे. मी आहे. हिशेबाची मिल्येवा आहे, जी बाळंतपणाला गेलीय. चाचाकचा तो खादाडसुद्धा आहे.

वुकाशिन: आणि मी?

ल्युबिंको: तू नाहीस रे.

वुकाशिन: शनिवारपर्यंत यंत्रं चालत होती ना? मग रविवारी कोण बसलं होतं संगणकावर?

स्तामेन्का: मांजर असेल.

वुकाशिन: आई.

स्तामेन्का: काय आई? रविवारी चर्चबाहेर देसांका गाठ पडली. सगळ्या बायकांपुढे म्हणते, अभिनंदन हो, वुकाशिनने ल्युब्ल्यानाला घर घेतलं म्हणे! बाल्कनीसुद्धा आहे म्हणे! मी आपली हसले. दात दाखवून हसले. माझ्या पोराचं घर मला देसांकाच्या तोंडून कळतं! तिथून तडक इथे ऑफिसात आले आणि संगणकातून काढून टाकलं तुला.

वुकाशिन: अगं, पुसायचं नसतं! माणूस गेला की खातं नुसतं बंद करून ठेवायचं. मग हवं तेव्हा चालू करता येतं.

स्तामेन्का: मला एकच बटण दिसलं.

वुकाशिन: ते बटण दाबल्यावर संगणक विचारतो, तुमची खात्री आहे का?

स्तामेन्का: विचारलं ना त्याने.

वुकाशिन: मग?

स्तामेन्का: होती खात्री.

ल्युबिंको: अरे देवा! पोरावरचा राग, आणि बारा यंत्रं उपाशी!

वुकाशिन: ठीक आहे. नवीन खातं काढा. ‘मोजे’ नाव द्या, नाहीतर ‘कारखाना’. मशीनमध्येही तेच घाला. माणसाच्या नावावर यंत्रं चालवू नयेत. माणूस निघून जातो.

स्तामेन्का: जातो ना. बाल्कनी घेतो.

वुकाशिन: तुला सांगणारच होतो गं. तू फोन उचलला असतास तर.

स्तामेन्का: ल्युबा, सरक. मला बसू दे… पासवर्ड काय होता तुझा?

वुकाशिन: कशाला? नवीन नावाला नवीन दे.

स्तामेन्का: नाव जुनंच लिहिलंय मी.

वुकाशिन: …रासबेरी, आणि पुढे माझं जन्मसाल.

स्तामेन्का: वा! रासबेरी पिकवणाऱ्या अख्ख्या अरिल्येचा पासवर्ड हाच आहे. चोराला विचार करायचे कष्ट नकोत. झालं. टाकला.

वुकाशिन: पण आई, नाव तेच असलं तरी संगणकाला हा माणूस नवाच वाटणार. जुने अधिकार आपोआप परत येत नाहीत. ते ‘सगळे’ दोन्हीकडून काढ, तिथे माझं नाव घाल, आणि अधिकार नव्याने दे. आधी बाहेर, मग आत.

स्तामेन्का: कोणते? नुसतं वाचायचे की पूर्ण?

वुकाशिन: यंत्रांना वाचायचे पुरतात.

स्तामेन्का: पुरत असतील. मी पूर्ण दिलेत.

ल्युबिंको: उघडला! ताई, उघडला फोल्डर! मशीनने नक्षी घेतली! ए बायांनो, उठा, पुरे झाली कॉफी! मी जातो बाहेर, नाहीतर या आता कॉफीच्या गाळात भविष्य बघायला कप पालथे घालतील.

वुकाशिन: चला. ट्रक भरून जाईल. ठेवतो मी.

स्तामेन्का: थांब जरा. पुढच्या महिन्यात संत निकोलाचा दिवस आहे. आपल्या घरच्या संताचा सण, आपली स्लावा.

वुकाशिन: माहितीये.

स्तामेन्का: गेल्या वर्षी संताचा पाव कापायला घरचा पुरुष कुणी नव्हता. तुझे बाबा गेले, तू हा असा. ल्युबाच्या घरचा संत वेगळा, त्याला कापता येत नाही. शेवटी पाद्रीबाबांनी शेजारच्या मिलोराडला उभं केलं, त्याचाही संत निकोलाच. मी सगळ्यांना वाढत होते आणि मला माझ्याच घरात रडू येत होतं.

वुकाशिन: तू एका शब्दाने म्हणाली नाहीस ये म्हणून.

स्तामेन्का: स्लावेला बोलावतात का कधी कुणाला? तुझ्या पणजोबांपासून या घरातून एक आमंत्रण गेलेलं नाही. ज्याला घर आपलं वाटतं तो आपणहून येतो.

वुकाशिन: आपलं वाटायला हवं ना, आई. तू वर्षभर माझ्याशी बोललेली नाहीस.

स्तामेन्का: म्हणून म्हणतेय. ये.

वुकाशिन: हे… बोलावणं आहे का?

स्तामेन्का: बोलावणंच आहे. गावात कुणाला सांगू नकोस.